कारकुनाच्या मेजावरचा दुभाष्या

(कार्यालयीन कर्मचारी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत महागाई भत्ता आणि कंत्राटी भरती या दोन जिव्हाळ्याच्या विषयांच्या मध्येच माझा विषय येऊन बसला आहे, आणि तो वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कार्यालयातील शेकडो संगणकांवर एखाद्या स्क्रिप्ट-भाषेचा इंटरप्रिटर बसवावा की नाही, बसवायचा तर कोणी आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न संगणक विभागाने पाहावा. समाजवादी कार्यकर्त्याने त्यात कशाला पडावे, ही शंका स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, उत्पादनसाधन कोणाच्या हाती असावे हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न येथे एका तांत्रिक निर्णयाच्या रूपाने उभा राहिला आहे, आणि बऱ्याच कार्यालयांत तो निर्णय आपणांस न विचारताच होऊन गेला आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करतो. संगणकास फक्त आकड्यांची यंत्रभाषा कळते. माणसाने लिहिलेल्या आज्ञा त्या भाषेत उतरवण्याच्या ढोबळपणे दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सर्व मजकुराचे आधीच भाषांतर होते आणि तयार भाषांतर ग्राहकाच्या हाती पडते. आपण कचेरीत वापरतो ती बहुतेक सॉफ्टवेअरे अशी बंद पाकिटातून आलेली असतात. आत काय लिहिले आहे ते वापरणाऱ्यास दिसत नाही आणि बदलता तर मुळीच येत नाही. दुसऱ्या रीतीत दुभाष्या शेजारीच उभा असतो. आपण एक वाक्य लिहावे, त्याने ते यंत्रास समजावून द्यावे, उत्तर आणावे, मग पुढचे वाक्य. या दुभाष्याला इंटरप्रिटर म्हणतात आणि त्याच्या हाती दिलेल्या मजकुराला स्क्रिप्ट. तो मजकूर दहावीस ओळींचाही असू शकतो. ‘या कप्प्यातील सर्व वेतनपत्रके उघड, भविष्यनिर्वाह निधीचा रकाना घे, मागील महिन्याशी ताडून पाहा आणि फरक असेल ती नावे वेगळ्या कागदावर काढ’, एवढे काम त्यात बसते. ते हाताने करणाऱ्या कारकुनाचे दोन दिवस जातात, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्याची गरज नाही.

ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एका मुलाची हकीकत दिली आहे. वाफेच्या आरंभीच्या एंजिनांवर दट्ट्या वरखाली होताना झडप उघडण्यामिटण्यासाठी एक पोऱ्या ठेवलेला असे. खेळाची ओढ असलेल्या अशा एका पोराने झडपेचा दांडा दोरीने यंत्राच्याच दुसऱ्या भागाला बांधून टाकला. झडप आपोआप उघडमीट करू लागली आणि पोरगा सवंगड्यांत खेळायला मोकळा झाला. हकीकत ऐतिहासिक दृष्ट्या कितपत खरी, याविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण अर्थशास्त्राच्या अध्यापनात मला ती नेहमी उपयोगी पडली. कारण स्मिथ पोरगा खेळायला गेला येथेच थांबतो. मालकाला ती दोरी दिसल्यावर त्या पोराच्या मजुरीचे काय झाले, हे तो सांगत नाही. स्क्रिप्ट लिहिणारा कारकून हा त्या पोराचा वारस आहे आणि आपला आजचा प्रश्न नेमका स्मिथ जेथे थांबला तेथून सुरू होतो.

आता या दुभाष्याची किंमत पाहू. सर्वांत अधिक प्रचारात असलेल्या भाषांपैकी पायथॉन ही एक. तिचा जन्म कोणा कंपनीच्या कारखान्यात झाला नाही. ॲम्स्टरडॅममधील गणित व संगणकशास्त्राच्या सार्वजनिक संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात तिला आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. १९९९ साली याच गृहस्थांनी अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन विभागाकडे एक प्रस्ताव पाठविला. त्याचे सूत्र असे की, लिहिणेवाचणे जसे सर्वांना यावे तसे संगणकाला आज्ञा लिहिणेही सर्वसामान्यांना यावे. २००१ पासून तिची मालकी एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे. एका संगणकावर बसवा वा एक लाखावर, परवान्याचे शुल्क शून्य. १९७७-७८ मध्ये जनता सरकारात उद्योगमंत्री असताना साथी जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भागभांडवल कमी करण्याचा आग्रह धरला आणि आयबीएम कंपनीने हा देश सोडला, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. त्या काळी संगणक भाड्याने घ्यावा लागे, तोही परदेशात जुना झालेला. आज कारकुनाच्या मेजावर त्याहून कित्येक पटींनी समर्थ यंत्र पडून आहे आणि त्याला कामाला लावणारा दुभाष्या फुकट मिळतो. लोहियांनी लघु-यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या मनात छोटे, स्वस्त आणि चालवणाऱ्याच्या ताब्यातील यंत्र होते. यंत्राविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद मोकळेपणाने मान्य केला होता. या दोघांच्या कसोटीला उतरेल असे संगणकक्षेत्रात काही असेल तर ते हेच, असे माझे मत आहे.

मग अडले कोठे? एक गंमत सांगतो. बहुतेक कार्यालयीन संगणकांत विंडोज ही प्रणाली असते आणि २००९ च्या विंडोज सेव्हनपासून तिच्या प्रत्येक प्रतीत पॉवरशेल नावाचा इंटरप्रिटर बसविलेलाच येतो. म्हणजे दुभाष्या प्रत्येक मेजावर आधीपासूनच आहे. परंतु साध्या वापरकर्त्याने लिहिलेली स्क्रिप्ट-फाईल चालवण्यास तो मूळ रचनेत नकार देतो, आणि संगणक विभाग मात्र त्याच्याच द्वारे मुख्य कचेरीतून एकाच वेळी हजार यंत्रांना हुकूम सोडू शकतो. दुभाष्या बसला आहे कारकुनाच्या मेजावर, ऐकतो मात्र वरच्यांचेच! हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली श्रम आणि मक्तेदारी भांडवलाविषयी लिहिलेल्या ग्रंथात कामाची कल्पना आणि कामाची अंमलबजावणी यांची भांडवलदारी व्यवस्था कशी ताटातूट करते, ते दाखविले आहे. कारकुनी कामावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. त्या ताटातुटीचा इतका नीटस नमुना त्यांनाही सापडला नसता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका सहकारी संस्थेच्या लेखाशाखेत आहे. महिनाअखेर शाखाशाखांतून येणारी पत्रके एकत्र करण्यात तिचे तीन दिवस जात. तिने घरी पायथॉन शिकून चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. कचेरीतील संगणकावर इंटरप्रिटर बसविण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा ती पत्रके पेनड्राइव्हवर घरी नेऊ लागली, तीन दिवसांचे काम तासाभरात उरकू लागली आणि उरलेल्या वेळात अनेक वर्षे न जुळलेली खाती जुळवू लागली. सहा महिन्यांनी माहिती बाहेर नेल्याबद्दल तिला ज्ञापन मिळाले. व्यवस्थापनाचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असे नाही; ठेवीदारांचे आकडे पेनड्राइव्हवर घरी जाणे गैरच. परंतु पुढच्याच वर्षी त्याच कामासाठी बाहेरच्या सल्लागारास पैसे मोजण्यात आले, आणि शेजारच्या मेजावरील निवृत्त कारकुनाची जागा ‘काम यांत्रिक झाले’ या कारणाखाली भरली गेली नाही. दोरी बांधली पोराने. बिल निघाले दुसऱ्याच्या नावावर.

स्क्रिप्टचा आणखी एक गुण आहे, आणि निदान मला तरी तो वेळेच्या बचतीहून मोलाचा वाटतो. ती वाचता येते. २०१० साली रेनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ कोसळते. युरोप-अमेरिकेत सार्वजनिक खर्चावर कुऱ्हाड चालविणाऱ्यांनी या निष्कर्षाचा मनसोक्त उपयोग केला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांचा मूळ एक्सेल-तक्ता मिळाला; पाहतो तो सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! ही चूक, काही वर्षांच्या आकड्यांची गाळणी आणि भारांकनाची विचित्र रीत दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याची वाढ अधिक २.२ टक्के निघाली. तक्त्यात सूत्र चौकटीच्या पोटात दडलेले असते, वर दिसतो तो फक्त आकडा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पायरी अक्षरांत लिहिलेली असते; लेखापरीक्षक, सहकारी, उद्या माहितीच्या अधिकारात एखादा नागरिकसुद्धा ती ओळीने तपासू शकतो. अनुदान कोणाचे कापले गेले आणि कोणत्या नियमाने, हे ज्या कचेरीत वाचून दाखवता येत नाही, तेथे लोकशाही कारभाराच्या गोष्टी पोकळ ठरतात.

आता दुसरी बाजू. सुरक्षिततेचा आक्षेप ही निव्वळ नोकरशाहीची सबब आहे, असे मानून चालणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ अशा मथळ्याची पत्रे जगभरच्या कचेऱ्यांत जाऊन पडली. सोबतची फाईल साधा मजकूर असल्याचे भासे. वस्तुतः ती व्हीबीस्क्रिप्ट या भाषेतील स्क्रिप्ट होती. तिचा इंटरप्रिटर विंडोज ९८ पासून प्रत्येक यंत्रात परभारे बसविलेला होता आणि फाईलवर टिचकी मारताच तो ती वाचू लागे. वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे अस्तित्वच ठाऊक होते. पत्रवहीतील प्रत्येक पत्त्यावर ते प्रेमपत्र पुढे जात राहिले. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली टपालव्यवस्था बंद ठेवावी लागली. उगम फिलिपाइन्समध्ये सापडला, पण तेथे या गुन्ह्यासाठी त्या वेळी कायदाच नव्हता. येथे दुभाष्या असणे हे संकटाचे सगळे कारण नव्हते. तो कोणाच्याही हुकमावर, न विचारता, बोलू लागे, हे खरे कारण. म्हणूनच जाणते व्यवस्थापक आजही अशी फाईल टिचकीसरशी चालण्याऐवजी वाचण्यासाठी उघडेल, एवढा साधा बदल प्रत्येक यंत्रावर करून ठेवतात.

परंतु सर्व सूत्रे मुख्य कचेरीत ठेवल्याने धोका टळतो, हेही खरे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षण-सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या यंत्रांवर एक छोटी नियमफाईल पाठविली. ती वाचणारा घटकही एका अर्थी इंटरप्रिटरच होता. नियमसाच्यात २१ रकाने होते, दुभाष्याच्या हाती २० च दिले गेले होते. एकविसावा वाचायला जाताच यंत्र कोलमडले. फाईल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, पण तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. दुरुस्तीसाठी बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रासमोर बसूनच ती फाईल काढावी लागली. सगळीकडे एकदम पाठविण्याऐवजी आधी शंभर यंत्रांवर, मग हजारांवर अशी पद्धत पाळली असती तर ही आपत्ती सकाळीच आटोक्यात आली असती.

तेव्हा इंटरप्रिटर बसवायचा तो कसा, याविषयी आपली भूमिका स्पष्ट असावी. पायथॉनची स्थापना दोन प्रकारे होते. एका प्रकारात ती वापरकर्त्याच्या स्वतःच्या कप्प्यात होते आणि तिला वरिष्ठ अधिकार लागत नाही. दुसऱ्यात ती यंत्रावरील सर्वांसाठी सामाईक जागी होते आणि ती संगणक विभागच करू शकतो. कार्यालयाने दुसरी स्वीकारावी असे माझे मत आहे. विभागाने रात्रीतून, कोणास काही न विचारणाऱ्या मूक पद्धतीने, सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती बसवावी. म्हणजे एका मेजावर लिहिलेली स्क्रिप्ट शेजारच्या मेजावर अडणार नाही, आणि बदली झालेल्या कारकुनाला नव्या जागी तेच साधन मिळेल. स्क्रिप्टला त्या कारकुनाइतकेच अधिकार असावेत, कणभर अधिक नकोत. जी फाईल त्याला हाताने उघडता येत नाही ती त्याच्या स्क्रिप्टलाही उघडता येऊ नये. बाहेरचे जोडभाग सार्वजनिक भांडारातून थेट न उचलता तपासून कार्यालयाच्या स्वतःच्या भांडारात ठेवावेत, कारण नामसाधर्म्याचा फायदा घेऊन तेथे विषारी भाग ठेवल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत.

फुकट वस्तूलाही निगा लागते. पायथॉनची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, पुढे नाही. दुसऱ्या पिढीची निगा १ जानेवारी २०२० रोजी थांबली, तेव्हा तिसरी पिढी येऊन अकरा वर्षे झालेली असूनही असंख्य कार्यालये गाफील सापडली. जेथे विंडोज सेव्हनची जुनी यंत्रे आहेत तेथे ३.८ च्या पुढची आवृत्ती चालतच नाही. म्हणून या निगेसाठी मनुष्यबळाची तरतूद अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.

आणि फुकटच्या भोवती भाडे वसूल करणारे उभे असतातच. पायथॉन व तिचे जोडभाग एकत्र बांधून देणाऱ्या ॲनाकोंडा या कंपनीने २०२० मध्ये आपल्या अटी बदलल्या आणि दोनशेहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांकडे शुल्क मागितले. ऑगस्ट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या आतच पायथॉन देऊ केले. सोय उत्तम, पण तेथे दुभाष्या आपल्या मेजावर बसत नाही. तो कंपनीच्या दूरस्थ यंत्रांवर बसतो आणि आपले आकडे त्याच्याकडे जाऊन परत येतात. कसणारा आपला, बैल आपले, पण नांगर मात्र रोज सावकाराच्या वाड्यावरून आणायचा, असला हा व्यवहार आहे. स्वतःच्या यंत्रावर बसविलेला, प्रतिष्ठानाकडून थेट घेतलेला इंटरप्रिटर हीच आपली मागणी असावी.

भाषेविषयी दोन शब्द. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून पायथॉनमध्ये देवनागरीत नावे देता येतात. ‘एकूण_वेतन’ किंवा ‘थकबाकी’ असे लिहिले तर दुभाष्या बिनतक्रार समजतो. इंग्रजी राहतात ते पस्तीसेक राखीव शब्द. तेवढे शब्द कोणताही लिपिक आठवडाभरात शिकेल. २००१ पासून लक्षावधी मराठी तरुणांनी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पुरा केला, पण त्याचा भर तयार सॉफ्टवेअर वापरण्यावर राहिला. केरळात शासनाने शाळांतील संगणकांवर मुक्त प्रणाली बसविली. २०१९ मध्ये तेथे अशा संगणकांची संख्या दोन लाखांवर सांगितली जात होती, आणि माध्यमिक शाळेच्या पुस्तकांत पायथॉनचे धडे आले. तेथील डाव्या आघाडीशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, तरी या बाबतीत त्यांचे अनुकरण करण्यात मला कमीपणा वाटत नाही. २०२२ च्या अखेरीपासून स्क्रिप्ट लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यामुळे शिकण्याची गरज संपली असे कोणी म्हटले तर त्याला विचारावे की, न वाचलेल्या कागदावर तुम्ही सही करता काय?

शेवटी वाटाघाटीचा मुद्दा. बँकांच्या व्यवस्थापनांशी कर्मचारी संघटनांनी ८ सप्टेंबर १९८३ रोजी जो यांत्रिकीकरणाचा करार केला, त्यात यंत्रे कोणती, किती आणि कोठे, यावर भर होता. त्या काळी ते योग्यच होते. त्याने नोकऱ्यांचे रक्षण झाले. परंतु यंत्राला हुकूम कोणी लिहावा, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला नाही. आज तो आणला पाहिजे. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-कार्यक्रमांचा समावेश झाला. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नियोक्ता असतो, परंतु ‘विरुद्ध करार नसल्यास’, आणि आपला सगळा वाव या तीन शब्दांत आहे. करारात लिहून घेता येईल की, कर्मचाऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टवर त्याचे नाव राहील; ती अन्य सार्वजनिक कार्यालयांना विनामूल्य देता येईल; कोणत्याही सल्लागाराला ती विकता येणार नाही; आणि तिच्यामुळे वाचलेला वेळ हे पद रद्द करण्याचे वा न भरण्याचे कारण मानले जाणार नाही. तो वेळ प्रथम नागरिकांच्या थकलेल्या प्रकरणांकडे जावा आणि त्यातील ठरावीक वाटा कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी कामाच्या वेळातच मिळावा. किती वाटा, यावर आपल्यात मतभेद होतील. मी आठवड्याला तीन तास सुचवितो. कलमांचा मसुदा सरचिटणीसांकडे दिला आहे. वकिलांकडून शब्द तपासून घेऊन तो पुढील मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या कलमाखालीच घालावा.